जे गाणं झालंच नाही, त्याचा वन्स मोअर

मागल्या दिवाळीत एका अंकात आमच्या जुन्या थेटरावर लेख आला. लिहिणारे गृहस्थ मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, त्या काळी कॉलेजात होते म्हणे. नाव घेत नाही, त्यांच्याही घरी सुना-नातवंडं असतील. लेख चांगला आहे. तिसरी घंटा, धुपाचा वास, नांदी, सगळं त्यांना आठवतं. मग एके ठिकाणी ते लिहितात की एकदा कोष्ट्यांच्या गल्लीतल्या काही अडाणी बायकांनी गॅलरीतून संत्री फेकून चालू खेळ बंद पाडला, अन् त्या बायकांना नेमकं काय हवं होतं हे शेवटपर्यंत कोणालाच कळलं नाही. पुढं उद्गारचिन्ह. वाचणाऱ्यानं हसावं म्हणून.

मी ते दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तोवर चुलीवरचं वांगं करपलं.

संत्री फेकली नाहीत. एक संत्रं पडलं. अन् काय हवं होतं ते कळलं नाही म्हणता, तर विचारलं कोणी होतं? आम्ही कुठं काश्मिरात राहत होतो? इतवारीच्या मागं आमची गल्ली, कोणालाही विचारलं असतं तरी दाखवली असती. मी त्या थेटरात बायकांच्या दरवाजावर होते. त्या रात्री दार माझ्या हातात होतं. तेव्हा हे माझ्याकडूनच ऐका.

आधी माझं काम काय होतं ते सांगते, कारण आता तशी दारंही राहिली नाहीत अन् तशी कामंही. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती, नागपूर अजून राजधानी होतं. थेटरात खाली पुरुष खुर्च्यांवर, वर गॅलरीत बायका बाकांवर. गॅलरीला पूर्वी बांबूची चिक लावलेली असायची, बायका आतून बघायच्या. मी लागले तेव्हा चिक काढून टाकली होती, पण तिचे खिळे कठड्याला तसेच होते. कितीतरी लुगड्यांचे काठ त्या खिळ्यांनी खाल्ले. बाकं लकडगंजातल्या वखारीतून स्वस्तात आणलेली, रंधा वरवर मारलेला. कुसळं निघायची. आम्ही विणणारी माणसं, लुगड्यातला एक धागा ओढला गेला तरी आमचा जीव ओढला जातो. मी घरून विटेचा तुकडा नेऊन ती बाकं घासत असे. ते काही माझं काम नव्हतं.

माझं काम म्हणजे तिकीट फाडायचं, अर्धं बाईच्या हातात द्यायचं, तिची वेणी बघून जागा द्यायची. वेणी म्हणजे फुलांची. मोठा खोपा अन् वर शेवंतीची जाडजूड वेणी असली की ती बाई कडेला बसवायची, नाहीतर मागच्या तिघी-चौघी रात्रभर फुलंच बघणार. हे सांगायला जीभ लागते. ‘बाई, तुमची वेणी इतकी सुरेख आहे, इथं कडेला बसा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू द्या,’ असं म्हटलं की राजीखुशीनं बसायच्या.

अन् लेकरं. आईनं तान्हं घरी कोणाकडं ठेवायचं? घेऊनच यायच्या. नियम असा की लेकरू रडलं की आईनं उठायचं अन् जिन्यात यायचं. जिन्याच्या वळणावर मी जुन्या लुगड्याची झोळी बांधून ठेवली होती. बऱ्याच लेकरांना मी त्या झोळीत घालून निजवलं अन् त्यांच्या आयांना परत आत ढकललं. आज नागपुरात पांढऱ्या मिशांची कितीतरी माणसं फिरत असतील, त्यांनी संगीत नाटक पाहिलं नसेल पण माझ्या झोळीत ऐकलं आहे.

एक बाई मला विसरता येत नाही. दर शनिवारी यायची, मागच्या कोपऱ्यात भिंतीला टेकायची अन् पहिली घंटा होताच झोपायची. मी एकदा विचारलं, ‘अवं बाई, पैसे देऊन झोपायले काहून येते?’ तर म्हणते, ‘घरी झोपू देत नाही ना कोणी.’ मग मी तिला कधी उठवलं नाही. भरतवाक्य झालं की हळूच खांद्याला हात लावायची. तिला विचाराल तर आमचं थेटर हे नागपुरातलं सगळ्यात चांगलं थेटर होतं.

आमचे हे गिरणीत होते. त्यांची रात्रपाळी, माझीही रात्रपाळी, पोरं सासूजवळ. वाचायला मी तिथंच शिकले. पाटीवरची, तिकिटावरची अन् जाहिरातीवरची अक्षरं जुळवत जुळवत. शाळा पाहिली नाही.

आता वन्स मोअर म्हणजे काय ते नव्या लोकांना सांगायला हवं. नटानं पद म्हटलं, आवडलं की लोक ओरडायचे, ‘वन्स मोअर!’ मग नट तेच पद पुन्हा म्हणायचा. हे पद्धतशीर होतं. नाटकात राजा मेला असला तरी उठून बसायचा, गायचा अन् परत मरायचा. पण ओरडायचं कोणी, तर खालच्यांनी. वरून कोणी बाई ओरडली असं मी ऐकलं नव्हतं. टाळीसुद्धा नाही. बायकांना आवडलं तर त्या एकमेकींकडं बघायच्या, डोळे पुसायच्या. तेवढ्यावर भागायचं. नियम लिहिलेला नव्हता, पण लिहिलेले नियम माणसं मोडतात, न लिहिलेले कोण मोडतं?

अन् यातली जी गोम आहे ती खाली बसणाऱ्याला कधी दिसली नाही. खेळ संपवायची वेळ परवान्यात ठरलेली. मग राजानं एकच पद चारदा म्हटलं तर तो वेळ आणायचा कुठून? कापायचा. कोणाचा? राजाचा तर कापता येत नाही. म्हणून तिसऱ्या अंकातली लहान लहान पदं जायची. दासीचं, म्हाताऱ्याचं, टाकलेल्या राणीचं. म्यानेजर विंगेत उभा राहून घड्याळ बघायचा अन् पेटीवाल्याला हातानं खूण करायचा, की झालं. ते पद त्या दिवशी जन्मालाच आलं नाही.

आता सरूचं सांगते. आम्ही चौघी एका गल्लीतल्या. मी, सरू, गोदी अन् तानी. त्या तिघींच्या घरी माग. सरू कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात घालायच्या नळीवर सूत गुंडाळायचं. हात त्यात अन् तोंड गाण्यात. गोदी भांडखोर, पण तिच्याइतकी हसवणारी बाई मी पाहिली नाही. लहानपणी झाडावरच्या कैऱ्या ती दगडानं अशा पाडायची की देठ झाडाला राहायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. तानी साधी. कोणी काही म्हटलं की ‘हो ना बाप्पा’ म्हणायची.

त्या हिवाळ्यात एक बाहेरगावची कंपनी आली होती. नाटक राजा-राणीचंच. राजाचं काम कंपनीचे मुख्य गवई करायचे, त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. गळा मोठा, पोटही मोठं. थोरल्या राणीचं काम बापू म्हणून एक वयस्क नट करायचे. पुरुषानं बाईचं काम करायचे दिवस सरत आले होते, बापू त्यातले शेवटचे. पण लुगडं असं नेसायचे की आम्ही बायका वरून बघून शिकायचो. राजा दुसरी राणी आणतो, थोरलीला सांगतो निघ. तिसऱ्या अंकात ती गाठोडं घेऊन महालाच्या उंबऱ्यावर उभी राहते अन् एक पद म्हणते:

‘उंबऱ्यावरी पाऊल माझे, मागे पाहू कशी?’

सरू पहिल्यांदा आली तेव्हा मांडीवर तिचं तान्हं होतं. ही ओळ झाली अन् पोरगं जे किंचाळलं! नियमानं तिला उठावं लागलं. मी पोराला झोळीत घालून थोपटेपर्यंत ते पद आटोपलं होतं, पुरतं झालं की अर्ध्यावरच आवरलं ते जिन्यात कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सरू कांड्या भरताना तीच एक ओळ म्हणू लागली. सकाळी तीच, संध्याकाळी तीच.

गोदी कावली. ‘अवं, पुढं जाय ना जराशी! थे राणी उंबऱ्यावर उभी राहून राहून वाळून गेली असन.’

‘पुढचं मले कुठं येते?’ सरू म्हणाली. ‘सुबे, तू तं रोज ऐकते. मांगं पाह्यते का नाही थे?’

सुबी म्हणजे मी, सुभद्रा. आता खरं सांगू का, मलाही माहीत नव्हतं. मी जिन्यात लेकरं निजवत असायची. अन् गेल्या कितीतरी खेळांत ते पद कापलंच जात होतं. पदांची छापील पुस्तकं दारावर विकायला असायची, मी एक उघडून शोधलं. त्यात राजाची सगळी पदं होती, हे नव्हतं. विकणारा म्हणाला, हे पद कंपनीच्या आधीच्या पेटीवाल्यानं मागाहून बापूंसाठी रचलेलं, पुस्तक त्याआधी छापलं. तो पेटीवालाही आता हयात नाही.

सरू दुसऱ्यांदा आली. पोराला सासूजवळ ठेवून, नणदेची बोलणी खाऊन. त्या दिवशी खालच्यांनी राजाचं दरबारातलं पद इतक्यांदा मागितलं की राणी उंबऱ्यावर आली, दोन वाक्यं बोलली अन् गेली. सरू जिन्यात माझ्यासमोर उभी राहिली. ‘गाणं कुठं गेलं वं?’ एखाद्याचं पोर जत्रेत हरवावं तशी विचारत होती.

मग कंपनीचा मुक्काम संपायला आला. शेवटचा खेळ लागला. कंपनी एकदा गेली की परत येईल याचा भरवसा नव्हता, लोक सिनेमाकडं वळले होते. सरूला ते गाणं ऐकायचं तर त्या रात्री, नाहीतर कधीच नाही. एवढंच आहे, गृहस्थहो, त्या बायकांना काय हवं होतं त्याचं उत्तर. पुढं वाचलं नाही तरी चालेल.

तिघी आल्या त्या थाटात आल्या. तानीनं लग्नातलं लुगडं काढलं होतं. गोदीच्या कडेवर टोपलं, त्यात संत्री. मी म्हटलं, ‘हे कायले?’

‘मंग? इतक्या लांबून आलो, उपाशी बसाव का? तुझा राजा चार-चारदा गाते, तोवर माणसानं काय कराव?’

मी त्यांना कठड्याजवळ पहिल्या बाकावर बसवलं. ती माझी चूक म्हणा की ओळखीचा फायदा म्हणा, वेण्या लहान होत्या म्हणून बसवलं असं मी तेव्हाही सांगितलं होतं.

पहिला अंक झाला. राजाचं पद. खाली, आमच्या कठड्याच्या अगदी पुढ्यातल्या रांगेत एक जरीच्या टोपीवाले बसले होते, ते प्रत्येक खेळाला यायचे. पद संपायच्या आधीच उभे राहून हात वर करायचे, ‘वन्स मोअर!’ मग बाकीचे सगळे. रावसाहेब खुश. पुन्हा. पुन्हा वन्स मोअर. पुन्हा. दुसऱ्या अंकात तेच. शेवटचा खेळ म्हणून तर कोणाला आवरच नव्हता. वरून मला म्यानेजर विंगेत दिसत होता. त्यानं घड्याळ काढलं. मला कळलं.

मध्यंतरात मी खाली गेले. म्यानेजर चहाच्या टेबलाशी उभा होता. थेटरचा म्यानेजर, कंपनीचा नाही, पण वेळेची जबाबदारी त्याच्यावर असायची. मी पदर सावरून म्हटलं, ‘साहेब, तिसऱ्या अंकातलं राणीचं पद तेवढं राहू द्या. वर बायका त्याच्यासाठी आल्या आहेत.’

तो हसला. वाईट नाही हसला, हे जास्त वाईट. ‘सुभद्राबाई, बायकांची फर्माईश केव्हापासून सुरू झाली? तुम्ही दार सांभाळा.’

‘फर्माईश नाही साहेब. ते नाटकातच आहे.’

‘नाटकात पुष्कळ असतं. वेळेत बसतं तेवढंच नाटक.’

आज इतकी वर्षं झाली, हे वाक्य आठवलं की माझ्या कानाच्या पाळ्या तापतात. ज्यानं चारदा ऐकलं त्याच्यासाठी वेळ होता. जिनं एकदाही ऐकलं नाही तिच्यासाठी संपला होता.

मी वर जाऊन सरूला सांगितलं नाही. तिचं तोंड बघवेना. मनात म्हटलं, कोणजाणे, बापू म्हणतीलही.

तिसरा अंक उघडला. बापू गाठोडं घेऊन आले, लाकडी चौकटीच्या उंबऱ्याशी थांबले. सरू कठड्याला धरून पुढं वाकली. पेटीवाल्यानं हात पेटीवर ठेवला अन् उचलला. विंगेतून खूण झाली होती. बापू दोन वाक्यं बोलले अन् वळले.

‘गाणं!’ सरू उभी राहून म्हणाली.

ओरडली नाही. पण त्या शांततेत ते खालपर्यंत गेलं. बापू थबकले.

‘गाणं राह्यलं ना राणीचं!’ गोदी उठली. ‘थांब वं बाई, जाऊ नको!’

तानीला वाटलं, थेटरात काही मागायचं तर एकच मंत्र असतो. ती दोन्ही हात तोंडाशी धरून म्हणाली, ‘वन्स मोर!’

खाली हशा पिकला. टोपीवाले मागं वळून वर बघत म्हणाले, ‘अहो बाई, जे झालंच नाही त्याचा वन्स मोअर कसा मागता?’

तेव्हा सरू जे बोलली ते त्या लेखवाल्यांनी कसं ऐकलं नाही याचं मला नवल वाटतं, कारण अख्ख्या थेटरानं ऐकलं होतं. ती म्हणाली, ‘आमाले दुसऱ्यांदा नको जी. पयल्यांदाच द्या!’

मागच्या बाकांवरून एक टाळी आली. मग दुसरी. मी मान वळवून पाहिलं, ती झोपणारी बाई जागी होऊन टाळ्या वाजवत होती. मग सगळ्याच. बांगड्यांचा तो आवाज मी पुन्हा ऐकला नाही. खालून शिट्ट्या, ‘बसा खाली!’, ‘घरी जाऊन स्वयंपाक करा!’ अन् आणखी काय काय, ते लिहीत नाही. रावसाहेबांना वाटलं आपण गेलो की शांत होईल, म्हणून ते आपल्या वेळेआधीच मुकुट सावरत रंगमंचावर आले. आता टाकलेली राणी उंबऱ्यावर उभी, राजा समोर, अन् दोघांनाही या जागी बोलायला एक वाक्य नाही. रावसाहेबांनी काही सुचेना म्हणून आपलं दरबारातलं पदच सुरू केलं.

‘याचं गानं पाचव्यांदा!’ गोदी किंचाळली अन् दोन्ही हात कठड्यावर आपटले. टोपलं कठड्यावर टेकवलेलं होतं. वरचं एक संत्रं गडगडत जाऊन खाली पडलं. टोपीवाल्यांच्या टोपीवर.

पडलं. फेकलं नाही. मघाशी कैऱ्यांचं सांगितलं ते यासाठी. गोदीनं फेकलं असतं तर टोपीवाल्यांना लागलं नसतं, रावसाहेबांना लागलं असतं, अन् तेही उघड्या तोंडात.

म्यानेजर दोन माणसं घेऊन जिना चढून आला. ‘सुभद्राबाई, त्या तिघींना बाहेर काढा. नाहीतर बाजूला व्हा, आम्ही काढतो.’

दाराच्या वर पाटी होती. रंगवलेली, जुनी, चिकेच्या वेळची. मला येणाऱ्या अक्षरांपैकी पहिली अक्षरं तिचीच. ‘पुरुषांस आत मज्जाव.’ मी तिच्याकडं बोट दाखवलं.

‘साहेब, तुम्हीच म्हणाला ना, दार सांभाळा?’

अन् मी आत झाले, दार ओढलं अन् आतून कडी घातली.

म्हणजे बघा. याच पाटीनं आम्हाला वर्षानुवर्षं वर बसवलं होतं, खिळ्यांच्या मागं. त्या रात्री पहिल्यांदा ती आमच्या कामी आली. म्यानेजर बाहेरून दार बडवतो आहे, पण आत येऊ शकत नाही, कारण आत शहरातल्या भल्या घरच्या बायका आहेत अन् उद्या त्यांचे नवरे विचारतील, तुम्ही बायकांच्या गॅलरीत काहून घुसला? तो फटीतून म्हणाला, ‘उघडा, नाहीतर नोकरी गेली.’ मी फटीतून म्हटलं, ‘लेकरं निजली आहेत, हळू बोला.’

मग त्यानं खाली जाऊन गॅलरीचे दिवे घालवले. काळोख झाला. एकदोन लेकरं रडायला लागली. अन् त्या काळोखात सरूनं ती ओळ म्हटली. ‘उंबऱ्यावरी पाऊल माझे...’ भीतीनं म्हटली की रागानं, कोणजाणे. आमच्या गल्लीतल्या दोघींना ती ओळ पाठ होतीच, ऐकून ऐकून कान किटलेले. त्यांनी उचलली. मग ज्यांना येत नव्हती त्यांनीही. लेकरं गप्प झाली.

खाली उजेडात बापू चौकटीला हात लावून उभे होते. त्यांनी मान वर केली. अन् आमच्या सुरात सूर मिसळला. तो आवाज म्हातारा होता, कापरा होता, पण रावसाहेबांचा आवाज त्यापुढं बंद पडला. ‘मागे पाहू कशी?’ बापूंनी तो सूर धरून ठेवला. आता पुढची ओळ येणार. मी चाचपडत कठड्याशी आले होते, सरूनं माझं मनगट धरलं होतं, तिची नखं रुतली.

अन् पडदा पडला. बापूंच्या अंगावर, मध्येच. म्यानेजरनं दोरी सोडायला लावली.

खेळ तिथं संपला. म्हणजे बंद कोणी पाडला? पडद्याची दोरी आमच्या हातात नव्हती. पडदा ज्यानं पाडला त्यानं खेळ पाडला. हे सांगायला कॉलेज लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अन् सरू थेटराच्या मागल्या अंगणात गेलो. कंपनीच्या पेट्या बैलगाडीवर चढत होत्या. बापू धोतर-बंडीत एका पेटीवर बसून चहा पीत होते. साधा, सुकलेला माणूस. आम्हाला पाहून उठले. आम्हाला पाहून पुरुष माणूस उठला, हे आम्हाला नवीन होतं.

सरू म्हणाली, ‘बापू, आता कोनी पडदा पाडत नाही. म्हनून दाखवा.’

बापूंनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, ‘बाई, मला येत नाही.’

‘काहून?’

‘आठवत नाही. गावोगाव कापत आले. पहिल्या ओळीच्या पुढं मला कोणी जाऊच दिलं नाही, मग जिभेवरून गेलं. काल मी त्या सुरावर थांबलो होतो ना, तो पुढचं आठवावं म्हणून. पडदा पडला ते माझ्यावर उपकारच झाले.’

मी आजही ते वाक्य लिहिताना थांबले. ज्याचं गाणं त्याच्या तोंडातून काढून घेतलं, अन् त्याला वाटतं उपकार झाले.

सरू रडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, ‘मंग थे मांगं वळते का नाही, येवढं तं सांगा.’

बापूंनी कपाळ चोळलं. ‘वळत असावी. पदर दाराला अडकतो, असं काहीतरी होतं.’

‘पदर अडकते?’ सरू भडकली. ‘गाठोडं घेऊन निंघालेली बाई पदर खोचल का नाही खोचल? कोन्या मान्सानं लिहिलं हे?’

बापू असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाले, ‘बाई, मग तुम्हीच पूर्ण करा. माझी काही हरकत नाही.’

गाडी गेली. कंपनी पुन्हा नागपुरात आली नाही. मला म्यानेजरनं काढून टाकलं अन् दुसरी बाई ठेवली. तिला लेकरं सांभाळता येईनात. पुढच्या कंपनीच्या वेळी एका नाटकात अशी रडारड झाली की मरणाच्या प्रसंगाला पुरुष हसले. मग मला बोलावणं आलं. मी गेले, पण आधी कठड्याचे खिळे काढून घेतले. एकेक, त्याच्यासमोर. त्याच थेटरात पुढं सिनेमा लागला. बायका अन् पुरुष एका अंधारात बसू लागले, ती पाटीही उतरली.

अन् गाणं? ते सरूनं पूर्ण केलं. त्याच आठवड्यात, कांड्या भरता भरता. आमच्या गल्लीतले माग आता बंद झाले, पोरं दुसऱ्या कामाला लागली, कोणी पार मनीषनगरकडं राहायला गेली. पण गल्लीतली मुलगी सासरी निघाली की बायका हे म्हणतात. चाल बापूंची, पुढचे शब्द सरूचे. मी तिला विचारलं होतं, हे सुचलं कसं? ती म्हणाली, ‘तुझ्या हातातली कडी पाह्यली ना त्या राती.’

उंबऱ्यावरी पाऊल माझे, मागे पाहू कशी?
मांगं पाह्यलं, कडी घातली, राजा कोंडला आत,
गा म्हना आता भिंतीपुढं, भिंतच देईल दाद!

सरूला आता एकही दात नाही, पण सूर आहे. तो लेख मी तिला वाचून दाखवला, तर म्हणाली, ‘लिही तू. अन् त्याले म्हना, ऐकाचं असन तं ये आमच्या गल्लीत.’

तेव्हा या, गृहस्थहो. खाली चटई टाकू, बायकांच्याच बरोबरीनं बसवू. गोदी संत्री सोलून देईल. पूर्ण गाणं ऐकायला मिळेल, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मध्ये पडदा पडणार नाही.

फक्त एक सांगून ठेवते. वन्स मोअर मिळणार नाही.